गोठ्यातले दिवे मंद का? व्होल्ट आणि अँपिअर मोजून रोध व वॅट काढल्याच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

काम असं आहे. घरात १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आणि तिच्यावर सोलर पॅनल. तिथून गोठ्यापर्यंत दोन कोरची, म्हणजे एका आवरणात दोन वायरी असलेली, केबल गेली आहे. भिंतीवरची चढउतार धरून मार्ग ४२ मीटर. गोठ्यात ९ वॅटचे चार १२ व्होल्ट डीसी एलईडी दिवे आहेत, शिवाय जनावरं धुवायचा १२ व्होल्टचा पंप. केबलवर दीड एमएम असं छापलेलं आहे, म्हणजे एका कोरमधल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ दीड चौरस मिमी. दिवे मंद जळतात, पंप नुसता गुरगुरतो.

आधी दिवे बंद ठेवून दोन्ही टोकांना व्होल्टेज पाहिलं. घरी १२.५५, गोठ्यात १२.५५. इथे फसायला होतं. करंट वाहत नसेल तर वायर कितीही बारीक असो, सांधा कितीही कुजलेला असो, व्होल्टेज पूर्णच दिसतं. मोकळ्या लाइनीवरचं हे माप वायर कुठे तुटलेली नाही एवढंच सांगतं. "व्होल्टेज तर बरोबर येतंय, दिवेच खराब असतील" म्हणून नवे दिवे आणले जातात ते याच मापामुळे.

चारही दिवे लावले तेव्हा घरी १२.४८ आणि गोठ्यात ९.९९. म्हणजे २.४९ व्होल्ट वाटेत गेले. किती अँपिअरला गेले हे कळल्याशिवाय या आकड्याचा उपयोग नाही.

शेजारून क्लॅम्प मीटर आणला. तो शून्य दाखवत राहिला. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. डीसीसाठी वेगळा, महाग प्रकार लागतो. उसना आणताना त्याच्या तोंडाजवळ अँपिअरच्या खुणेवर सरळ रेघ आणि तुटक रेघा आहेत का ते पाहावं. नुसती नागमोडी रेघ असेल तर तो या कामाचा नाही.

मग मल्टीमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून लाइनीत घातला आणि १.४ अँपिअर मिळाले. पुढचं माप घेताना लाल प्रोब त्याच भोकात राहिला आणि तसाच बॅटरीच्या दोन टोकांना टेकवला. त्या भोकात मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच. ठिणगी पडली आणि आतला १० अँपिअरचा सिरॅमिक फ्यूज गेला. फ्यूज ६० रुपयांचा, पण तालुक्याच्या गावी काचेचेच मिळतात. सिरॅमिकच्या जागी काचेचा घालू नये, जास्त करंटला तो फुटतो. दिवस संपला.

जे माप मिळालं ते:
घरचं टोक १२.४८ व्होल्ट, गोठ्याचं टोक ९.९९ व्होल्ट, करंट १.४० अँपिअर.
लाइनीचा रोध: २.४९ ÷ १.४० = १.७८ ओहम.
दिव्यांना मिळालेले वॅट: ९.९९ × १.४० = १४.०
वायरीत गेलेले वॅट: २.४९ × १.४० = ३.५
बॅटरीतून निघालेले वॅट: १२.४८ × १.४० = १७.५

१४ आणि ३.५ मिळून १७.५ होतात. ही बेरीज प्रत्येक वेळी करून पाहायची. जुळली नाही तर भागाकार-गुणाकारात घोळ आहे. मात्र ती जुळली म्हणून माप बरोबर असं नाही, हे पुढे १६ तारखेला दिसलं.

३६ वॅटचे दिवे १४ वॅटवर चाललेत. मंद नाही तर काय होणार?

१२ नोव्हेंबर

दीड एमएम तांब्याच्या वायरीचा रोध चांगल्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये १२.१ ओहम प्रति किलोमीटर असतो, २० अंश सेल्सिअसला. अडीच एमएमचा ७.४१, चारचा ४.९५, सहाचा ३.३०. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून ४२ नाही, ८४ मीटर धरायचे. ०.०८४ × १२.१ = १.०२ ओहम. आपल्याकडे निघाले १.७८. पाऊण ओहम जादा आहे.

पडताळा म्हणून मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर मोजलं. घरचं टोक बॅटरीपासून सोडवलं, गोठ्यात दोन्ही कोर एकत्र पिळले, घरी मोजलं: १.९. प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.३. वजा केल्यावर १.६ ओहम. हा आकडा वहीत लिहिला, आणि पुढच्या चुकीचं मूळ तोच ठरला. २०० ओहमच्या रेंजवर सगळ्यात लहान पायरी ०.१ ची. तीनचार पायऱ्या इकडेतिकडे हा मीटरचा मान्य दोष. त्यात मीटर मोजणीसाठी सोडतो तो करंट अगदी क्षुल्लक असतो, खराब सांध्याची खरी अवस्था त्यात दिसत नाही. एक-दोन ओहमचा रोध ओहम रेंजवर मोजूच नये. खरा करंट सोडावा, व्होल्ट मोजावेत, भागावं.

एलईडी दिव्यांचा लोड त्यासाठी बरा नाही. व्होल्टेज कमी झालं की त्यांचा करंट फार वेगानं घसरतो. घरी आखूड वायरीवर एक दिवा १२.० व्होल्टला ०.७२ अँपिअर घेतो. भागल्यास १६.७ ओहम, चार समांतर म्हणजे ४.१७. हाच आकडा धरून हिशेब केला असता तर गोठ्यात २.१० अँपिअर यायला हवे होते. आले १.४०. त्या वेळी ९.९९ ÷ १.४० = ७.१ ओहम. दिवे तेच, रोध वेगळा. एलईडीला रोध असा ठरलेला नसतोच. भागाकार करता येतो, पण तो फक्त त्या क्षणाचा.

१६ नोव्हेंबर

लोड म्हणून मोटारीचा हेडलाइटचा बल्ब घेतला, १२ व्होल्ट ६०/५५ वॅट, ५५ ची फिलामेंट. थंड असताना ओहम रेंजवर पाव ओहमच्या आसपास दाखवतो. त्यावर विसंबलं तर १२ ÷ ०.२५ = ४८ अँपिअर, ५७६ वॅट! प्रत्यक्षात जळता असताना १२.० व्होल्टला ४.६० अँपिअर, म्हणजे २.६ ओहम आणि ५५ वॅट. टंगस्टन तापलं की रोध दहापट होतो. बल्ब, शेगडीची कॉइल, मोटर यातलं काहीही थंड असताना ओहमवर मोजून वॅट काढायला जाऊ नये. कॉइलच्या नायक्रोममध्ये फरक थोडा पडतो, बल्बमध्ये सगळं गणितच कोसळतं.

बल्ब जमिनीवर, सुक्या चाऱ्यापासून लांब, पत्र्यावर ठेवायचा. काचेला बोट लावायचं नाही.

करंटसाठी शंट आणला, म्हणजे ठरलेल्या, अगदी कमी रोधाची पट्टी; तिच्यावर पडलेल्या व्होल्टेजवरून करंट कळतो: ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट, २५० रुपये. पुण्यात पासोड्या विठोबा मंदिराजवळच्या दुकानांत सहज मिळतो. रोध दीड मिलिओहम, त्यामुळे लाइनीवर त्याचा भार जवळपास नाही. घराकडच्या टोकाला निगेटिव्ह वायरीत घातला. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवायचा, आलेल्या मिलिव्होल्टला १.५ नं भागलं की अँपिअर.

एकानं घरी, दुसऱ्यानं गोठ्यात उभं राहून फोनवर एकाच क्षणी आकडे घेतले. बॅटरीचं व्होल्टेज लोडखाली हळूहळू उतरत असतं, घरचं माप घेऊन चालत गोठ्यात जाईपर्यंत ते बदलतं.

घरी १२.३०, गोठ्यात ६.४८, शंटवर ५.६ मिलिव्होल्ट. म्हणजे ३.७३ अँपिअर. रोध ५.८२ ÷ ३.७३ = १.५६ ओहम.

ओहम रेंजनं १.६ सांगितलं होतं, हे १.५६. दोन्ही जुळले, म्हणून ९ तारखेचं १.७८ चुकीचं ठरवून टाकलं. वॅटची बेरीजही जुळली. जुळणारच, कारण तिन्ही गुणाकारांत तोच चुकीचा करंट होता.

१७ नोव्हेंबर

नवा सिरॅमिक फ्यूज मिळाला. मीटर लाइनीत घालून बल्बचा करंट पुन्हा पाहिला: ३.२ अँपिअर. शंट ३.७ म्हणतो. मीटरच्या लीडचा थोडा रोध वाढतो हे खरं, पण त्यानं अर्धा अँपिअर कमी होत नाही.

दोष जोडणीत सापडला. शंटवर चार जागा असतात: दोन मोठे बोल्ट आणि दोन बारीक स्क्रू. मोठ्या बोल्टांवर लाइनीच्या वायरी लग (टोकाला बसवलेली भोकाची धातूची पट्टी) लावून येतात, मोजणीच्या तारा बारीक स्क्रूंवर. काल मीटरचे प्रोब मोठ्या बोल्टांवर, लगच्या कडेला टेकवले होते. त्यामुळे लग आणि बोल्टमधला स्पर्शरोधही मापात आला. तो फक्त पाव मिलिओहमच्या आतबाहेर, पण शंटच मुळात दीड मिलिओहमचा. १४ टक्के चूक झाली.

बारीक स्क्रूंवर: ४.९ मिलिव्होल्ट, ३.२७ अँपिअर.

घरी १२.३०, गोठ्यात ६.४८, पडलेले ५.८२ व्होल्ट.
लाइन: ५.८२ ÷ ३.२७ = १.७८ ओहम.
बल्बला २१.२ वॅट, वायरीत १९.० वॅट, बॅटरीतून ४०.२ वॅट.

पहिल्या दिवसाचं १.७८ बरोबर होतं. दोन चुकीची मापं एकमेकांशी जुळली म्हणून एक खरं माप टाकून दिलं गेलं आणि एक संध्याकाळ वाया गेली. पडताळा वेगळ्या पद्धतीनंच घ्यावा, पण ती पद्धत त्या आकड्याला पुरेशी बारीक आहे का ते आधी पाहावं.

शंटबद्दल आणखी एक. १.४ अँपिअरला तो २.१ मिलिव्होल्ट देतो, मीटरची पायरी ०.१ ची. म्हणजे ५ टक्के चूक जागेवरच. लहान करंटला ५० अँपिअरचा शंट घेऊ नये. लोड मोठा करावा किंवा शंट लहान घ्यावा.

२० नोव्हेंबर

१.७८ मध्ये वायर किती आणि सांधे किती हे वेगळं करायचं होतं. त्यासाठी तिसरी तार ओढली. जुनी टेलिफोनची बारीक तार, जमिनीवरूनच. तिचं एक टोक घरच्या पॉझिटिव्हला. गोठ्यात मीटरचा एक प्रोब तिला, दुसरा केबलच्या पॉझिटिव्ह कोरला. मीटरवर थेट त्या एका कोरमध्ये पडलेलं व्होल्टेज येतं. तार कितीही बारीक असली तरी चालते, कारण मीटर व्होल्ट मोजताना नगण्य करंट घेतो. मग तिचं घरचं टोक निगेटिव्हवर हलवून तेच. हेडलाइटचा बल्ब चालू ठेवूनच.

पॉझिटिव्ह कोर: २.२६ व्होल्ट, ०.६९ ओहम.
निगेटिव्ह कोर: ३.५६ व्होल्ट, १.०९ ओहम.

दोन कोर एकाच केबलचे, एकाच लांबीचे. फरक ०.४० ओहमचा. म्हणजे निगेटिव्हमध्ये कुठेतरी सांधा बिघडलेला. केबल एकाच ठिकाणी जोडलेली होती, लिंबाच्या झाडाजवळ, पिळून टेप गुंडाळलेली. टेप हाताला गरम लागली. हिशेबही तेच सांगतो: १.३० व्होल्ट × ३.२७ अँपिअर = ४.२५ वॅट, सगळे एका बोटाएवढ्या जागेत. टेप सोलली तर आत तांबं काळं, थोडं हिरवं.

काळा भाग कापून टाकला, ताजं तांबं काढलं, कॉपरची जोडनळी क्रिंप करून वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवली. पॉझिटिव्हचा सांधाही तसाच नव्यानं केला, तो अजून बिघडला नव्हता तरी. नळ्या, लग आणि स्लीव्ह मिळून १८० रुपये. क्रिंपिंगची पकड वायरमनकडून एका दिवसासाठी आणली. साध्या पकडीनं दाबलेला सांधा आज बरा दिसतो, पावसाळ्यानंतर पुन्हा ढिला पडतो.

नंतरचं माप: घरी १२.३०, गोठ्यात ७.४२, शंटवर ५.३ मिलिव्होल्ट म्हणजे ३.५३ अँपिअर. रोध १.३८ ओहम. दोन्ही कोर आता ०.६९, ०.६९.

तरीही १.०२ च्या जागी १.३८. कापलेला तुकडा हाताशी होता म्हणून धागे मोजले. दीड एमएममध्ये ०.३ मिमीचे २२ धागे असतात. इथे धागे २२ च होते, पण स्क्रूगेजनं एकेक ०.२५ मिमीचा निघाला. क्षेत्रफळ १.०८ चौरस मिमी. वर दीड छापून आत एकचा माल आहे. चाकूनं धागा खरवडला, आत तांबंच आहे. पांढरा निघाला असता तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा समजायचा. धागे मोजून समाधान मानू नये, जाडी मोजावी. स्क्रूगेज नसेल तर धागा पेन्सिलीवर चिकटून चिकटून वीस वेढे गुंडाळावा, पट्टीनं रुंदी मोजावी आणि वीसनं भागावं. ६ मिमी यायला हवी, ५ आली तर माल हलका.

२४ नोव्हेंबर

सांधा दुरुस्त झाल्यावर चार दिव्यांना १०.२४ व्होल्ट, १.६२ अँपिअर, १६.६ वॅट. सुधारणा आहे, पुरेशी नाही.

जाड वायरीचा हिशेब: दिवे पूर्ण उजेडावर ३ अँपिअर घेतील. ०.६ व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचं नाही, तर लाइन ०.६ ÷ ३ = ०.२ ओहमची हवी. ८४ मीटरला म्हणजे २.३८ ओहम प्रति किलोमीटर. सहा एमएम ३.३०, पुरत नाही. दहा एमएम लागेल. थोडी सूट घेऊन सहा एमएमची ९० मीटरची कॉइल विचारली, ९,५०० रुपये. इतके पैसे घालण्याआधी दुसरा मार्ग पाहायचं ठरवलं.

पंपाचा प्रश्न इथेच संपवला. घरी आखूड वायरीवर तो १२.३ व्होल्टला ४.१ अँपिअर घेतो, ५० वॅट. १२.३ ÷ ४.१ म्हणजे ३ ओहम, पण तो मोटरच्या गुंडाळीचा रोध नाही. फिरती मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते, म्हणून करंट आवरलेला असतो. सुरू होताना मात्र फक्त गुंडाळीचा रोध असतो आणि मोटर काही क्षण कितीतरी जास्त करंट मागते. लांब लाइनीवर तेवढा करंट येतच नाही, मोटर सुटत नाही आणि गुरगुरत तापते. हा पंप या लाइनीवर घ्यायचाच नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी गोठ्यात नेऊन त्यावर चालवायचा. दहा मिनिटांना ०.७ अँपिअर-अवर लागतात. आठवड्यातून एकदा चार्ज केली की झालं.

३० नोव्हेंबर

गोठ्यात व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल लावून पाहिलं, ४५० रुपये. कल्पना अशी की १० व्होल्ट आत घ्यायचे आणि १२ बाहेर काढायचे. हे चाललं नाही. चारही दिवे लावताच उघडझाप सुरू. मॉड्यूलच्या आत येणारं व्होल्टेज ४ ते ६ मध्ये नाचत होतं. मॉड्यूल खराब समजून परत द्यायला निघालेलो असताना हिशेब केला.

लाइनीतून जास्तीत जास्त किती वॅट बाहेर काढता येतात याला हद्द आहे: व्होल्टचा वर्ग भागिले रोधाच्या चौपट. १२.४८ × १२.४८ ÷ (४ × १.३८) = २८.२ वॅट. त्या बिंदूला गोठ्यात निम्मंच व्होल्टेज उरतं, निम्मे वॅट वायर खाते. त्यापुढे जास्त करंट ओढला तर मिळणारे वॅट वाढण्याऐवजी कमी होतात. दिव्यांना हवेत ३४.६ वॅट, मॉड्यूलची गळती धरून ३८. मॉड्यूल ३८ मागतं, लाइन २८ च्या वर देऊ शकत नाही. मॉड्यूल आणखी करंट ओढतं, व्होल्टेज आणखी खाली जातं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं.

पडताळ्याला दोनच दिवे लावले. नीट चालले: मॉड्यूलच्या आत ९.७७ व्होल्ट, १.९७ अँपिअर, १९.२ वॅट. वायरीत ५.३ वॅट. मॉड्यूल चांगलं आहे, जागा चुकली. व्होल्टेज लाइनीच्या सुरुवातीला वाढवायचं, शेवटी नाही.

१ डिसेंबर

तेच बूस्ट मॉड्यूल घरी, बॅटरीजवळ. आउटपुट २४ व्होल्ट. गोठ्यात २४ चे १२ करणारं बक मॉड्यूल, २२० रुपये. व्होल्टेज दुप्पट म्हणजे त्याच वॅटला करंट निम्मा, आणि वायरीतली गळती करंटच्या वर्गानं घटते.

चूक: बक मॉड्यूल डब्यातून काढून तसंच जोडलं. कारखान्यातून ते २० व्होल्टवर लावून आलं होतं. पहिला दिवा लख्ख पेटला आणि दोनतीन सेकंदांत गेला. १३० रुपये. एकच दिवा जोडलेला होता म्हणून एकच गेला. आधी लोडशिवाय इनपुट द्यायचं, आउटपुटला मीटर लावायचा, छोटा स्क्रू फिरवून १२.० आणायचे, मगच दिवे. काही मॉड्यूलांना तो स्क्रू दहापंधरा फेरे फिरवल्यावर हलका परिणाम दाखवायला लागतो. बिघडलाय समजून जोर लावू नये.

चार ठिकाणची मापं, नवा दिवा घालून, चारही दिवे चालू:
बॅटरी: १२.४० व्होल्ट, ३.७९ अँपिअर, ४७.० वॅट.
बूस्टनंतर: २४.० व्होल्ट, १.७८ अँपिअर, ४२.७ वॅट.
गोठ्यात बकच्या आत: २१.५ व्होल्ट, १.७८ अँपिअर, ३८.३ वॅट.
दिव्यांना: १२.० व्होल्ट, २.८८ अँपिअर, ३४.६ वॅट.

वायरीत ४.४ वॅट, दोन मॉड्यूलांत मिळून ८ वॅट. बॅटरीतून निघालेल्या १०० पैकी ७४ भाग दिव्यांपर्यंत जातात. सहा एमएमनं ९४ गेले असते, हे लपवण्यात अर्थ नाही. चार तासांना १५ अँपिअर-अवर जातात, वायर जाड असती तर ११ च्या आत भागलं असतं, उजेड किंचित कमी. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला हा फरक हिवाळ्यात जाणवणार नाही. पॅनल लहान असेल किंवा आठवडाभर ढगाळ राहत असेल तर मात्र जाड वायरच घ्यावी.

८ डिसेंबर

बूस्ट मॉड्यूल प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवलं होतं. ४० मिनिटांनी दिवे लुकलुकायला लागले. ४७ आत, ४२.७ बाहेर, म्हणजे सव्वाचार वॅट डब्यातच उष्णता होऊन साठतात. पत्र्याचा डबा घेतला, ३०० रुपये. मॉड्यूलची पट्टी अभ्रकाचा तुकडा मध्ये घालून पत्र्याला आवळली, खाली-वर भोकं पाडून पाली-किडे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली. नंतर चार तास सलग चाललं.

फ्यूजचा हिशेब या कामात सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच आधी चुकला होता. जुन्या जोडणीत १० अँपिअरचा फ्यूज होता. गोठ्यात दोन्ही कोर एकमेकांना चिकटले असते तर करंट किती? १२.५ ÷ १.७८ = ७ अँपिअर. फ्यूज गेलाच नसता. आणि त्या कुजक्या सांध्यात ७ × ७ × ०.४० = १९.६ वॅट, रात्रभर, कडब्याच्या शेजारी. लहान सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. लांब आणि बारीक लाइनीवर फ्यूज लोड पाहून नाही, शॉर्टचा करंट काढून निवडायचा.

आता बॅटरीच्या पॉझिटिव्हलाच ७.५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, आणि २४ व्होल्टच्या बाजूला ३ अँपिअरचा. दुसरा हवाच. साध्या बूस्ट मॉड्यूलला शॉर्टपासून संरक्षण नसतं. आउटपुट शॉर्ट झालं तर बॅटरीचा करंट त्याच्या कॉइल आणि डायोडमधून सरळ वाहतो, इथे ८-९ अँपिअर. मुद्दाम गोठ्यात शॉर्ट करून पाहिलं: ३ चा फ्यूज लगेच गेला, मॉड्यूल शाबूत. होल्डर आणि फ्यूज ११० रुपये.

खर्च: मीटरचा फ्यूज ६०, शंट २५०, सांध्याचं सामान १८०, बूस्ट ४५०, बक २२०, जळालेल्या दिव्याच्या जागी नवा १३०, डबा ३००, फ्यूज-होल्डर ११०. एकूण १,७००. त्यातले १९० नुसत्या निष्काळजीपणाचे: मीटरचा फ्यूज आणि दिवा.

२० एप्रिल २०२५

दुपारी दोनला, केबल उन्हात, हेडलाइटच्या बल्बवर पुन्हा मोजलं. १.५५ ओहम. नोव्हेंबरात संध्याकाळी १.३८ होते. सांधा बिघडला म्हणून दोन्ही सांधे आधी तपासले, दोन्हींवर ०.०१ व्होल्टच्या आत. मग कोर वेगवेगळे मोजले, दोन्ही सारखेच वाढलेले. सांधा बिघडला की एकच कोर वाढतो, ऊन लागलं की दोन्ही. तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. इथे १२ टक्के वाढ, म्हणजे केबल नोव्हेंबरपेक्षा ३० अंशांहून जास्त तापलेली, साधारण ५५ अंशांवर. दिवे रात्रीचे असल्यानं फरक पडत नाही. दिवसा पंखा चालवायचा असेल तर हिशेबात १५ टक्के जादा धरावेत.

२८ सप्टेंबर २०२५

पावसाळ्यानंतरचं माप, रात्री. १.५३ ओहम. रात्री हा आकडा १.४ च्या पुढे जायला नको. तिसरी तार पुन्हा ओढली: पॉझिटिव्ह ०.७०, निगेटिव्ह ०.८३. लिंबाजवळचे दोन्ही सांधे ठीक. दोष गोठ्याच्या टोकाला, प्लॅस्टिकच्या कनेक्टर पट्टीत सापडला. शेणामुताच्या वाफेनं पितळी स्क्रू हिरवा पडला होता. या पट्टीकडे आधी कोणी पाहिलंच नव्हतं, कारण ती डब्यात होती आणि डबा बंद होता.

पट्टी काढली. वायरीला क्रिंप केलेले लग, खाली-वर वॉशर देऊन बोल्टवर आवळले, वरून ग्रीस. पट्टी ज्या डब्यात होती त्याचं तोंड गव्हाणीच्या उलट बाजूला फिरवलं. रोध १.४०. पुढचं माप दिवाळीनंतर, याच बल्बवर, शंटच्या बारीक स्क्रूंवरून.